१४,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील आणि आय-७० वरचा चढ: कोणता हेवी-ड्युटी पिकअप घ्यावा?

फ्रंटरेंजकर (ऑरोरा, कोलोरॅडो) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही एक फिफ्थ-व्हील ट्रेलर (पिकअपच्या हौद्यातील जोडणीवर टेकून ओढला जाणारा, राहण्याचा ट्रेलर) जवळजवळ पक्का केला आहे. रिकामा असताना त्याचे वजन ११,२०० पौंड आहे, आणि सामान व पाणी भरल्यावर तो जास्तीत जास्त १४,००० पौंडांपर्यंत जाऊ द्यावा, असे त्यावर लिहिलेले आहे. तो ओढण्यासाठी पिकअप कोणता घ्यावा, इथे मात्र घोडे पेंड खाते आहे.

घरात आम्ही चौघे आहोत. उन्हाळ्यात साताऱ्याहून आई-वडील आले की सहा जण होतो. आमचा बराचसा प्रवास आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे, म्हणजे आयझेनहॉवर बोगदा ओलांडून ग्रँड जंक्शन किंवा युटामधील मोअ‍ॅबच्या दिशेने होईल. परतीच्या वाटेवर सिल्व्हरथॉर्नपासून बोगद्यापर्यंतचा जो खडा चढ आहे, त्याची मला खरी काळजी वाटते. रोजच्या कामासाठी घरात वेगळी कार आहे. पिकअप मुख्यतः ट्रेलर ओढण्यासाठी आणि अधूनमधून माती, लाकूड, दगड आणण्यासाठी वापरला जाईल.

माझ्यासमोर तीन गाड्या आहेत: फोर्ड एफ-२५० (६.७ लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल), रॅम २५०० (६.७ लिटर कमिन्स डिझेल) आणि शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडी (६.६ लिटर ड्युरामॅक्स डिझेल). तिघांच्याही माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता १४,००० पौंडांपेक्षा बरीच जास्त दाखवली आहे, त्यामुळे तिन्ही चालतील असे मी गृहीत धरले आहे. हे गृहीतक बरोबर आहे का, डिझेलऐवजी पेट्रोल इंजिन पुरेल का, आणि नवी गाडी घेण्यापेक्षा तीन-चार वर्षे जुनी घेणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

कोलंबसवासी (कोलंबस, इंडियाना) यांचे उत्तर

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डिझेल इंजिनांच्या क्षेत्रात काम करतो. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाल्यापासून पुणे आणि कमिन्सचे मुख्यालय असलेले हे छोटे शहर यांच्यात अभियंत्यांची ये-जा चालू आहे, आणि मीही त्याच वाटेने येथे आलो. त्यामुळे इंजिनांबद्दल मी जे लिहीन ते ही ओळख लक्षात ठेवून वाचावे. मात्र आपल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनापाशी सुरूच होत नाही.

माहितीपत्रकातील ओढण्याची क्षमता तूर्त बाजूला ठेवा. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत गाडी आधी अडते ती पेलोडवर, म्हणजे पिकअपने स्वतःच्या अंगावर किती वजन पेलायचे यावर. फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण २० ते २५ टक्के वजन थेट पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास येते. यालाच पिन वेट म्हणतात. आपल्या ट्रेलरचे २० टक्के धरले तरी २,८०० पौंड होतात. त्यात हिचचे (ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीचे) सुमारे १८० पौंड आणि चौघांचे साधारण ६०० पौंड मिळवा, म्हणजे ३,५८० पौंड झाले. हौद्यात अजून एकही वस्तू ठेवलेली नाही.

आता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर पाहा. प्रवासी आणि सामान यांचे मिळून वजन किती पौंडांच्या वर जाऊ नये, ते त्यावर त्या विशिष्ट गाडीसाठी छापलेले असते. क्रू कॅब (चार दारांची मोठी केबिन), फोर-व्हील-ड्राइव्ह, डिझेल अशा एफ-२५० किंवा रॅम २५०० वर हा आकडा बहुधा २,००० ते २,५०० च्या दरम्यान आढळतो. याचे कारण असे की, या गाड्यांची एकूण वजनमर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, बहुतेक वेळा १०,००० पौंडांवर रोखलेली असते. १०,००१ पौंडांपासून आंतरराज्य व्यावसायिक वाहनांचे संघीय नियम लागू होतात आणि अनेक ग्राहकांना ती रेषा ओलांडायची नसते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा पाच-सातशे पौंडांनी जड असते. मर्यादा तीच राहिली तर ते वजन पेलोडमधूनच वजा होते. म्हणजे अधिक ताकदीच्या इंजिनासाठी आपण अधिक पैसे मोजतो आणि पेलण्याची क्षमता मात्र गमावतो.

सिल्व्हराडो आणि तिचे जीएमसी भावंड सिएरा यांची अलीकडची २५०० एचडी डिझेल मॉडेल्स येथे वेगळी ठरतात. त्यांची मर्यादा ११,००० पौंडांच्या वर नेलेली असल्याने त्यांचा पेलोड ३,५०० च्या आसपास पोहोचतो. आपल्या तीन गाड्यांपैकी हीच एक जवळपास येते, तरीही ३,५८० पौंडांना ती अपुरीच आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, तिन्ही नावे राहू द्यावीत, पण आकडा बदलावा: एफ-३५०, रॅम ३५०० किंवा सिल्व्हराडो ३५०० एचडी. मागे प्रत्येक बाजूला एकच टायर असलेल्या ३५०० वर्गातील डिझेल क्रू कॅबचा पेलोड साधारण ३,६०० ते ४,३०० पौंड असतो. २५०० आणि ३५०० यांच्या किमतीतील फरक हजार-दोन हजार डॉलरच्या आसपास असतो, आणि एवढ्या रकमेत याहून उपयुक्त असे या गाडीत दुसरे काहीही मिळत नाही.

हिलकंट्री (टेक्सास) यांचे उत्तर

कोलंबसवासी यांनी पेलोडबद्दल जे लिहिले आहे, ते मला पूर्णपणे मान्य आहे. डिझेल हवेच, असे मात्र मी म्हणणार नाही.

मी येथे थोडी शेती करतो, आणि गूजनेक फ्लॅटबेडवर (हौद्यातच जोडल्या जाणाऱ्या सपाट ट्रेलरवर) ट्रॅक्टर व गवताचे गठ्ठे नेण्यासाठी फोर्डचा ७.३ लिटर पेट्रोल व्ही-८ असलेला एफ-३५० वापरतो. ४३० अश्वशक्ती आणि ४८५ पौंड-फूट टॉर्क (ओढण्याचा जोर) असलेले हे इंजिन रचनेने अगदी साधे आहे. त्याला टर्बो नाही, डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातील काजळी अडवणारी गाळणी) नाही आणि डीईएफ (धूर स्वच्छ करणारे द्रव) भरावे लागत नाही. डिझेलसाठी आज साधारण दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. वर्षातून काही हजार मैलच ट्रेलर ओढणाऱ्या कुटुंबाला ती रक्कम इंधनाच्या बचतीतून परत मिळणे कठीण आहे. शिवाय पेट्रोल गाडी हलकी असल्याने ३५०० वर्गात पेलोड काहीशे पौंडांनी वाढतो, आणि वरच्या हिशेबात नेमके तेच पौंड कमी पडत आहेत.

दुसरा मुद्दा वापराचा आहे. डिझेलच्या धुराड्यातील फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी गरम व्हावा लागतो, आणि त्यासाठी लांबचा, भार असलेला प्रवास लागतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली किंवा केवळ चार-पाच मैलांच्या फेऱ्यांना वापरली गेली, तर ती साफसफाई अर्धवट राहते आणि सेन्सर व फिल्टर यांची दुखणी सुरू होतात. आपला वापर अधूनमधूनचा आहे, म्हणून हा विचार अवश्य करावा. जीएमचे ६.६ लिटर पेट्रोल इंजिन (४०१ अश्वशक्ती, ४६४ पौंड-फूट) आणि रॅमचे ६.४ लिटर हेमी हे पर्यायही पाहावेत. भार ओढण्यात मी फोर्डचे ७.३ वरचे मानतो, कारण त्याचा टॉर्क या तिघांत सर्वाधिक आहे आणि दहा गिअरचा गिअरबॉक्स इंजिनाला योग्य वेगात धरून ठेवतो.

कोलंबसवासी

टेक्सासच्या कमी उंचीच्या प्रदेशासाठी आपला युक्तिवाद मला पटतो. आयझेनहॉवर बोगदा मात्र ११,१५८ फुटांवर आहे, आणि तेथे प्रश्नच बदलतो.

टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावते, कारण हवाच विरळ होत जाते. म्हणजे बोगद्याच्या उंचीवर ४३० अश्वशक्तीचे इंजिन तीनशेच्याही खाली येते. सिल्व्हरथॉर्नपासून बोगद्यापर्यंत साधारण आठ मैलांत रस्ता दोन हजार फुटांवर चढतो आणि काही भागांत चढ ७ टक्क्यांचा आहे. पिकअप आणि ट्रेलर मिळून सुमारे २२,००० पौंडांचे धूड घेऊन पेट्रोल इंजिन हा चढ चढेल, याबद्दल शंका नाही. पण ते खालच्या गिअरमध्ये, मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांवर ओरडत, उजव्या मार्गिकेतून मालवाहू ट्रकांच्या मागोमाग चढेल. डिझेलचा टर्बो हवा दाबून आत घालतो, त्यामुळे त्याची घट फार कमी होते. शिवाय त्याचा मुख्य जोर १,६०० ते १,८०० फेऱ्यांवरच मिळतो.

येथे माहितीपत्रकातील आकड्यांबद्दलही लिहायला हवे. ओढण्याची क्षमता आज एसएई जे२८०७ या मानकानुसार ठरते. त्यातील चढाची चाचणी अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या चढावर बेतलेली आहे. भर उन्हाळ्यातील उष्णतेत, एसी चालू ठेवून, ठरावीक किमान वेग राखत गाडीने तो चढ पार करावा लागतो. मागे एकेरी टायर असतील तर ताशी ४० मैल आणि दुहेरी असतील तर ३५ मैल. चाचणी कडक आहे यात वाद नाही, पण त्या चढाचा माथा साडेतीन हजार फुटांच्या आसपासच आहे. म्हणजे ज्या चढावर हे आकडे सिद्ध होतात त्याच्या तिप्पट उंचीवर आपण ट्रेलर ओढणार आहात. शिवाय एफ-४५० चे ४०,००० पौंड किंवा सिल्व्हराडो ३५०० चे ३६,००० पौंड असे जे जाहिरातीतील आकडे असतात, ते मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रचनेचे असतात. कुटुंबाच्या सहा आसनी, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ते लागू होत नाहीत.

चढापेक्षाही मला उताराची काळजी अधिक वाटते. पश्चिमेकडे जाताना बोगद्यातून बाहेर पडले की सिल्व्हरथॉर्नपर्यंत तोच उतार लागतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तेथे रस्त्याच्या कडेला खडीचे चढते मार्ग बांधलेले आहेत. तिन्ही डिझेल इंजिनांमध्ये व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोच्या साहाय्याने चालणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो इंजिनाकडून वेग रोखून धरतो आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. पेट्रोल इंजिनाला गिअर खाली आणूनच वेग आवरावा लागतो, आणि एवढ्या भाराला ते पुरेसे नाही. आपल्या मार्गासाठी मी डिझेल सुचवतो, ते मुख्यतः या कारणासाठी.

जुनी गाडी घ्यायची असल्यास वर्षाकडे बारकाईने पाहावे.

रॅममध्ये २०१९ ते २०२४ या काळात कमिन्स इंजिन दोन रूपांत मिळत होते. साध्या रूपात ३७० अश्वशक्ती, ८५० पौंड-फूट आणि ६८आरएफई गिअरबॉक्स. हाय आउटपुट रूपात अधिक टॉर्क (शेवटी १,०७५ पौंड-फूट) आणि आयसिनचा दणकट गिअरबॉक्स. दुसरे रूप केवळ ३५०० मध्येच मिळत असे, आणि जड ट्रेलरसाठी तेच शोधावे. २०२५ पासून ४३० अश्वशक्तीचे एकच रूप आणि झेडएफचा आठ गिअरचा गिअरबॉक्स आला. हा बदल मोठा आणि स्वागतार्ह आहे. २०१९ व २०२० च्या गाड्यांमध्ये सीपी४ जातीचा उच्चदाब इंधनपंप होता, त्यासाठी त्या परत बोलावण्यात आल्या, आणि २०२१ पासून जुना भरवशाचा सीपी३ पुन्हा बसवला गेला. त्या दोन वर्षांची गाडी असेल तर दुरुस्तीची नोंद कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा पंप आतून झिजला तर धातूचे कण थेट इंजेक्टरपर्यंत जातात आणि संपूर्ण इंधनयंत्रणा बदलावी लागते. तो खर्च दहा हजार डॉलरच्या घरात जाऊ शकतो.

ड्युरामॅक्सच्या २०११ ते २०१६ च्या इंजिनात हाच पंप होता. २०१७ मध्ये एल५पी हे नवे इंजिन आले आणि पंपही बदलला. २०२० पासून दहा गिअरचा गिअरबॉक्स मिळतो, आणि २०२४ पासून ताकद ४४५ वरून ४७० अश्वशक्ती व टॉर्क ९१० वरून ९७५ पौंड-फूट झाला. जुन्या गाड्यांत मी सर्वप्रथम २०२० ते २०२३ चे सिल्व्हराडो किंवा सिएरा ३५०० पाहीन.

फोर्डच्या ६.७ लिटरमध्ये २०११ पासून सीपी४ पंप आहे. त्यामुळे फोर्ड टाळावी असे मी म्हणत नाही. ४७५ अश्वशक्ती आणि १,०५० पौंड-फूट टॉर्कचे हे इंजिन भाराखाली अतिशय समर्थ आहे. पण चांगल्या पंपावरचे डिझेल, वेळच्या वेळी बदललेले इंधन फिल्टर आणि पाणी मिसळलेल्या इंधनाची सूचना येताच गाडी थांबवण्याची सवय या तीन गोष्टी तेथे सक्तीच्या समजाव्यात.

किनाऱ्यावरची (कॅलिफोर्निया) यांचे उत्तर

येथील सर्व चर्चा चार माणसे धरून झाली आहे, आणि मूळ प्रश्नात तर उन्हाळ्यात सहा जण असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. आम्हीही सासू-सासरे भारतातून आले की फिफ्थ-व्हील घेऊन निघतो, म्हणून या मुद्द्यावर मुद्दाम लिहीत आहे.

पहिली बाब आसनांची आहे. क्रू कॅब म्हणजे सहा आसने असे नव्हे. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत पुढे दोन स्वतंत्र आसने आणि मध्ये मोठा कन्सोल असतो, म्हणजे एकूण पाचच जण बसतात. सहाव्यासाठी पुढचे बाक लागते, आणि ते फोर्डच्या एक्सएल व एक्सएलटी, रॅमच्या ट्रेड्समन व बिग हॉर्न, शेव्हरोलेच्या डब्ल्यूटी व एलटी अशा खालच्या-मधल्या श्रेणींत मिळते. याचा एक लाभ असा की, या श्रेणी हलक्या असतात आणि स्टिकरवरचा पेलोड वाढतो. काचेचे छप्पर, विजेवर चालणाऱ्या पायऱ्या आणि चामड्याची थंड-गरम होणारी आसने यांचे प्रत्येक पौंड त्या आकड्यातून वजा झालेले असते.

दुसरी बाब वजनाची. सहा जणांचे साधारण ८५० पौंड, हिचचे १८० आणि २२ टक्क्यांनी पिन वेट ३,०८०, असे ४,११० पौंड होतात. त्यात दोन घडीच्या खुर्च्या, अवजारांची पेटी आणि एखादी व्हीलचेअर आली, की मागे एकेरी टायर असलेला ३५०० देखील काठावर येतो. मागच्या दोन टायरांची मिळून क्षमता सात हजार पौंडांच्या आसपास असते, आणि रिकाम्या पिकअपचेच मागच्या अ‍ॅक्सलवर तीन हजारांहून अधिक वजन असते. अशा वेळी ड्युअली, म्हणजे मागे चार टायर असलेला ३५०० घ्यावा असे माझे ठाम मत आहे. त्याचा पेलोड डिझेल क्रू कॅबमध्येही साधारण ५,५०० पौंडांच्या आसपास असतो, आणि मोअ‍ॅबच्या रस्त्यावर आडवा वारा सुटला की त्याचा स्थिरपणा शब्दशः हातात जाणवतो. तोटेही सांगते: मागची रुंदी सुमारे आठ फूट असल्याने बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये आणि जुन्या पार्किंग इमारतींत तो अडतो, बर्फात रिकामा असताना त्याची पकड कमी पडते, आणि टायर बदलताना सहा घ्यावे लागतात.

परवान्याचेही पाहून घ्यावे. आमच्या राज्यात १०,००० पौंडांहून जड फिफ्थ-व्हीलसाठी साध्या परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि १५,००० च्या वर अव्यावसायिक क्लास ए परवाना लागतो. टेक्सासमध्ये पिकअप व ट्रेलर यांची जोडी २६,००१ पौंड किंवा त्याहून जड झाली आणि ट्रेलर १०,००० हून जड असला, तर तसाच क्लास ए लागतो. आपल्या राज्याचा नियम मोटार वाहन कार्यालयाकडून लेखी विचारून घेतलेला बरा.

फ्रंटरेंजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दोन विक्रेत्यांकडे जाऊन मी प्रत्येक गाडीचे दार उघडून स्टिकर पाहिले. मला आवडलेल्या, वरच्या श्रेणीच्या एफ-२५० डिझेलवर २,१४६ पौंड लिहिलेले होते. म्हणजे केवळ पिन वेटनेच ती मर्यादा ओलांडली गेली असती. २५०० वर्ग मी यादीतून काढला आहे. आता सिल्व्हराडो ३५०० एचडी एलटी डिझेल ड्युअली, साल २०२२, आणि नवी रॅम ३५०० बिग हॉर्न ड्युअली, या दोघींत विचार चालू आहे. पत्नीचा कल रॅमच्या आतल्या शांततेकडे आहे आणि माझा सिल्व्हराडोच्या किमतीकडे.

दोन शंका उरल्या आहेत. ड्युअली घेतला तर आठ फुटांचा लांब हौदा घ्यावाच लागेल का? आणि वजनाचा हा सगळा हिशेब कागदावरचा आहे. तो प्रत्यक्षात तपासायचा कसा?

हिलकंट्री

लांब हौदा घ्यावा. आखूड हौद्यात फिफ्थ-व्हील जोडला तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतो, आणि ते टाळण्यासाठी मागे सरकणारा जड हिच घ्यावा लागतो. त्याचे वजन पुन्हा पेलोडमधूनच जाते. क्रू कॅब आणि लांब हौदा मिळून गाडी सुमारे २२ फूट होते. ती घरासमोर कुठे उभी राहील, हे टेप घेऊन आधी मोजावे. गाडी निवडताना कारखान्यातच बसवलेले फिफ्थ-व्हील व गूजनेक प्रेप पॅकेज असल्याची खात्री करावी. तिन्ही कंपन्या ते देतात, आणि त्यामुळे नंतर चौकटीला छिद्रे पाडावी लागत नाहीत.

त्या दोघींत मी चालवण्यापुरते एवढेच सांगेन: सिल्व्हराडोच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे ट्रेलर नसताना खडबडीत रस्त्यावर ती अधिक सुखद वाटते. रॅमचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे. जुन्या पद्धतीचा, पण अतिशय टिकाऊ. आई-वडील मागे बसणार असतील तर दोन्ही गाड्यांत त्यांना प्रत्यक्ष बसवून, चढ-उतर करायला लावून पाहावे. ड्युअलीची पायरी उंच असते.

कोलंबसवासी

वजन तपासण्यासाठी मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल (ट्रकांचे वजनकाटे) असतात. ट्रेलरचा व्यवहार पूर्ण होण्याआधी विक्रेत्याच्या परवानगीने हे करता आले तर उत्तम. आधी टाकी पूर्ण भरून, हिच बसवून, सहाही जणांसह एकट्या पिकअपचे वजन घ्यावे. मग प्रवासाला निघताना जसा भराल तसा ट्रेलर भरून, जोडून, पुन्हा काट्यावर यावे. पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलरची चाके काट्याच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतील अशी गाडी उभी करावी. पावतीवर तिन्ही वजने स्वतंत्र छापून येतात. जोडलेल्या स्थितीतील पिकअपच्या दोन्ही अ‍ॅक्सलांच्या बेरजेतून एकट्या पिकअपचे वजन वजा केले की खरे पिन वेट मिळते. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावरील दुसऱ्या स्टिकरवरच्या अ‍ॅक्सल-मर्यादेशी आणि टायरच्या कडेवर छापलेल्या क्षमतेशी ताडून पाहावा.

आकडा काठावर आला तर प्रथम पाण्याच्या टाकीकडे पाहा. एक गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३ पौंड असते, म्हणजे ६० गॅलनची भरलेली टाकी एकटीच ५०० पौंडांची होते. ती ट्रेलरच्या चाकांच्या पुढे असेल तर पिन वेट वाढवते, मागे असेल तर कमी करते. टाकी कुठे आहे हे ट्रेलर ठरवतानाच विचारून घ्यावे, आणि बोगद्याच्या दिशेने निघताना ती शक्यतो रिकामी ठेवून मोअ‍ॅबला पोहोचल्यावर भरावी.